मगरिबची भट्टी

१

ज्या सकाळी चावडीच्या भिंतीवरचा सरकारी हुकूम नाहीसा झाला, त्याच सकाळी मावळतीच्या आळीतले रामकिसन आप्पा खोकता खोकता गेले. आप्पांना उचलायला माणसं जमली आणि त्यांतल्याच कुणीतरी ओरडून सांगितलं, "आरं, चावडीवरला कागद गेला!"

मी गहिनीनाथ, निंबदऱ्याच्या शाळेचा मास्तर. आमचं गाव धर्मापुरीपासून दोन कोसांवर, साठ-सत्तर उंबऱ्यांचं. पण फसली तेराशे बावीस साली या एवढ्याशा गावानं धुराविरुद्ध निजाम सरकारचा हुकूम मिळवला होता. मोमिनाबाद तालुक्यात असं दुसरं गाव मला कुणी दाखवावं, मी पगडी उतरवून ठेवीन.

धूर होता चुनाभट्ट्यांचा. नदीवर पूल होत होता, त्याला चुना लागत होता आणि बंकटराव गुत्तेदारानं गावाच्या दोन्ही अंगांना एकेक भट्टी घातली होती. मजुरांची टोळी एकच. ती सकाळी मावळतीच्या अंगाची मोठी भट्टी पेटवायची आणि दिवेलागणीला उगवतीच्या अंगाची लहान. म्हणून लोक मोठीला 'सकाळची' म्हणत आणि लहानीला 'सांजेची'. नावं गमतीची होती, धूर नव्हता. दोन वर्षांत गावाची छाती पोखरली गेली.

तहसीलदार साहेब दौऱ्यावर आले, तेव्हा त्यांच्या तंबूसमोर जाऊन उभी राहिली ती भिवराबाई सुईण. पाटील मागं, मी त्यांच्या मागं. ती म्हणाली, "सायेब, दोन सालात माज्या हातावर जन्मलेली अकरा लेकरं गेली. देवी न्हाई, पटकी न्हाई. नुसती धापलून गेली. त्यो धूर बंद करा."

साहेबांनी तंबूतच स्वतःच्या हातानं उर्दूत हुकूम लिहिला. पुलाचं काम सरकारचंच, म्हणून दोन्ही भट्ट्या त्यांना एकदम बंद करता येईनात. एक भट्टी महिनाभर बंद ठेवून पाहा. खोकला हटला तर ती कायमची बंद, नाही हटला तर हुकूम रद्द. पुढं आठच दिवसांत साहेबांची बदली झाली. नक्कल कुठंच नव्हती. जगात तो एकच कागद, आमच्या चावडीच्या भिंतीवर खळीनं चिकटवलेला.

आणि आता तो तिथं नव्हता.

२

शिपाई हुकूम घेऊन चावडीवर आला त्या दिवशी तो वाचला मी. गावातले उर्दू जाणणारे मुल्लाजी लेकीकडं कडा गावाला गेलेले. मी मोमिनाबादेत पोस्टातल्या मुन्शींकडं चार महिने उर्दूची अक्षरं गिरवली होती आणि ती गोष्ट गावाला चारशे वेळा ऐकवली होती. तेव्हा वाचणं भागच होतं. मी घसा साफ करून वाचलं, "मगरिब की भट्टी एक माह बंद रखी जाए."

मी जरा अडखळलो. तेवढ्यात बंकटराव अदबीनं म्हणाले, "मगरिब म्हंजे दिवेलागणीचा वखत न्हाई का, मास्तर? ती बांग असती ना, मगरिबची?"

"अर्थात!" मी म्हणालो. शाळेशेजारच्या मशिदीतली मगरिबची बांग मी रोज ऐकत होतोच. लोकांनीही माना डोलावल्या. तिन्हीसांजेला तान्ह्या लेकराला उंबऱ्याबाहेर नेत नाहीत, मग तिन्हीसांजेचा धूर वाईट असणारच. कोतवाल म्हाळूनं सांजेच्या भट्टीचं तोंड दगडांनी चिणलं. सकाळची भट्टी पेटत राहिली आणि गाव सुटकेचा निःश्वास सोडून वाट बघत बसलं.

खोकला काही हटला नाही. सत्तावीस दिवस झाले. मोमिनाबादेहून निरोप आला की गुरुवारी तहसिलीतले पेशकार साहेब पाहणीला येतील. निरोप आला रविवारी, कागद गेला सोमवारी.

सुंदरराव पाटील चावडीत डोकं धरून बसले होते. "पेशकारासमोर काय दाखवायचं? कागद न्हाई अन् गुणबी न्हाई. गुरुवारी हुकूम रद्द. भिवराबाई, तूच आणलंस हे. आता तूच शोध चोर."

"शोधते की," भिवराबाई म्हणाली. "पर त्याआदी मला एक सांगा. ज्याला भट्टी उघडाया पायजे, त्यो चार दिस थांबला असता तर हुकूम आपुआप गेला असता. मग त्यानं चोरी कावून केली?"

पाटलांनी माझ्याकडं बघितलं. मी गावातला शिकलेला माणूस; मी भिंतीवरच्या खळीच्या डागाकडं बघितलं.

३

भिवराबाईला अक्षर येत नव्हतं, पण तिनं चाळीस वर्षं बंद दाराआड बायकांची खरी बोलणी ऐकली होती. खोटं बोलणाऱ्याचा श्वास वेगळा लागतो, असं ती म्हणायची. लिहून घ्यायला मी बरोबर राहिलो. लिहिलं काहीच नाही.

पहिला म्हाळू. तो चावडीतच झोपतो.

"दिवा लावला तवा कागद व्हता, माय," म्हाळू कान पकडून म्हणाला. "मग मी भाकर आणाया घरी गेलतो. त्या सांजंला तिघंजण येऊन गेलते. पाटील, गुत्तेदार अन्..." तो माझ्याकडं बघून थांबला.

"अन् मास्तर," भिवराबाईनं वाक्य पुरं केलं. "बोल की बे, घाबरतो काय."

मी गेलो होतो हे खरं. पेशकारासमोर पुन्हा वाचायला लागणार म्हणून कागदावरची अक्षरं एकदा घोकून आलो होतो. तसं मी सांगितलं. भिवराबाईनं नुसतं "बरं" म्हटलं, आणि ते "बरं" मला काही आवडलं नाही.

दुसरे पाटील. त्यांचं नवं घर अर्ध्यावर उभं होतं, चुन्यावाचून अडलेलं. "मला चुना पायजे, न्हाई म्हनत न्हाई," ते उसळून म्हणाले. "पर रामकिसन आप्पा माज्या बापाचे दोस्त व्हते. त्यांच्या मढ्यावर घर बांधू काय?" आणि मोठा माणूस आमच्यादेखत डोळे पुसायला लागला.

बाहेर आल्यावर भिवराबाई म्हणाली, "ह्यो न्हाई. ह्याला भट्टी पायजे, पर ह्यानं नुसती वाट बघितली असती."

"मग कोण?"

"मास्तर, चोराला हुकूम मोडायचा नव्हता. पेशकाराला त्यो वाचू द्यायचा नव्हता." ती चालता चालता थांबली. "अन् वाचला तर पयली फजिती कुनाची? तुमची."



४

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही बंकटरावांकडं गेलो. सकाळची भट्टी भडकलेली होती. पांढरट धूर जमिनीवरून सरकत मावळतीच्या आळीत शिरत होता.

बंकटराव माणूस गोड. हैदराबादेत दहा वर्षं ठेकेदारी केलेला. बाज टाकली, पाणी दिलं. "माय, माजी तर एक भट्टी सरकारनं बंद केली. मी हूं का चूं केलं न्हाई. हुकमाची तामील केली. आता खोकला न्हाई गेला त्याला मी काय करू? धुरानं खोकला येत असता तर मीच न्हाई का मेलो?"

"तुमी तर दुपारी घोड्यावर बसून मोमिनाबादेला जाता," भिवराबाई म्हणाली. "लेकरं कुठं जातील?"

बंकटराव हसले. तेवढ्यात दगडांची गाडी आली. मुकादम पंडित ती कुठं रिकामी करायची म्हणून उभा राहिला, तसे बंकटराव बसल्या जागेवरून ओरडले, "अरे पंडित, देखता क्या! वो पत्थर मगरिब के बाजू डाल!" पंडितनं बैल वळवले, भट्टीच्या पलीकडं नेऊन गाडी उलटी केली आणि धूळ झटकत परत आला.

"मग, मास्तर," बंकटराव माझ्याकडं वळले, "गुरुवारी तुमीच वाचणार व्हता ना? आता कागदच न्हाई. बरं झालं, तुमची मेहनत वाचली."

मी कसनुसा हसलो. भिवराबाई मात्र दगडांच्या त्या ढिगाकडं बघत होती. नंतर तिनं वर सूर्याकडं बघितलं. मग पदर सावरून उठली आणि म्हणाली, "चला मास्तर, लेकरं बघून येऊ."

५

आधी आम्ही मावळतीच्या आळीत गेलो. सुग्रीवच्या घरी छबुबाई लेकीला उभी धरून बसली होती. आडवं केलं की पोरीचा श्वास अडायचा. सहा महिन्यांची पोर, रडायलासुद्धा दम पुरेना. तोंड रडण्याचं व्हायचं आणि आवाज फुटायचा नाही. आधीची दोन लेकरं याच घरातून गेलेली.

"माय, ही तरी ऱ्हाईल का?" छबुबाईनं विचारलं.

भिवराबाईनं पोरीच्या पाठीला कान लावला. बराच वेळ तसाच ठेवला. "ऱ्हाईल," ती म्हणाली. "पर हुकूम ऱ्हायला तर."

सुग्रीव दारात उभा होता. नारायणगडाच्या जत्रेत एका दमात पाच गडी मारून परत येणारा हुतूतूचा खेळाडू. आमच्या गावाचं नाव त्यानं बीडपर्यंत नेलं होतं. आता तो दाराची चौकट धरून खोकत होता आणि आम्ही बघितलं म्हणून तोंड फिरवून खोकायला लागला.

तिथून उगवतीच्या आळीत. घरोघर भिवराबाईनं लेकरांच्या, म्हाताऱ्यांच्या पाठीला कान लावला. बद्रीनाथच्या आईला महिन्यापूर्वी उठवत नव्हतं, ती जात्यावर बसून गात होती. सारजाबाईचं पोर अंगणभर पळत होतं. मी म्हणालो, "या लोकांचं नशीब बरं."

भिवराबाई एका ओट्यावर बसली. "मास्तर, त्यो शबूद पुन्हा म्हना. कागदावरला."

"मगरिब."

"म्हंजे?"

"सांज."

"मग बंकट म्हनला, दगड मगरिबच्या बाजूला टाक. त्या पंडितनं सांज व्हायची वाट का न्हाई बघितली? दहा वाजता गाडी मावळतीकडं कावून नेली?"

मी उगवतीकडं बघितलं, मग मावळतीकडं.

"मला उर्दू येत न्हाई," ती म्हणाली. "पर जिथं सूर्य बुडतो, तिला आपुनबी मावळतच म्हनतो. वखताला मावळत अन् दिशेलाबी मावळत. त्यांच्यातबी तसंच आसंल." ती उठली. "चोर सापडला, मास्तर. एक चूकबी सापडली. चोर बंकट हाय. चूक तुमची हाय."

६

साहेबांनी पश्चिमेची मोठी भट्टी बंद करायला सांगितली होती. मी पूर्वेची लहान बंद करवली. रामकिसन आप्पांच्या छातीत सत्तावीस दिवस जो धूर गेला तो माझ्या उर्दूचा होता. मुल्लाजी परत येईपर्यंत थांबलो असतो, कड्याला माणूस धाडला असता, तर कळलं असतं. पण मग माझा तोरा कुठं राहिला असता? हे मी आज सरळ लिहितो. त्या दिवशी मला ओट्यावरून उठवेना.

"चावडीत सांगाल?" भिवराबाईनं विचारलं.

"सांगेन."

"मग रडू नका. तुमच्या चुकीनं एक काम लई मोठं केलंय. ते गुरुवारी दिसंल." आणि ती सुग्रीवकडं गेली. काय बोलली ते मला कळलं नाही. फक्त सुग्रीवचा चढलेला आवाज बाहेर आला, "साऱ्या गावादेखत? माय, त्यापरीस मला नदीत ढकला!"

७

गुरुवारी सकाळी पेशकार साहेब आले. मध्यम वयाचे, थकलेले, पण कान देऊन ऐकणारे. चावडीसमोर अख्खं गाव.

मी पुढं झालो आणि जे केलं ते सांगितलं. बोलून झाल्यावर कुणी हसलं नाही, ते मला हसण्यापेक्षा जड गेलं. मग भिवराबाई उभी राहिली.

"सायेब, मगरिब म्हंजे काय?"

"शाम का वक्त," पेशकार म्हणाले. "और पश्चिम दिशा भी. दोनों."

"मास्तरांना एकच अर्थ ठावा व्हता. गुत्तेदारांना दोन्ही ठावे. हुकूम वाचला तवा त्यांनीच मास्तरांच्या तोंडात सांज घातली. अन् परवा सकाळी दहा वाजता माज्यासमोर दगड मगरिबच्या बाजूला टाकायला सांगितले. तुमी येनार म्हनून कळलं, तवा कागद गेला. बाकी कुनाला त्याची भीती नव्हती. पाटलांना न्हाई, म्हाळूला न्हाई. मास्तरांना व्हती फजितीची, पर चोर आसता तर आज सोताहून तोंड काळं करून घेतलं नसतं."

बंकटराव शांतपणे उठले. "साहेब, कागद कुठाय? या बाईला अक्षर येत नाही. मास्तर आज एक म्हणतो, उद्या दुसरं. हुकूम होता एक भट्टी बंद करून पाहायचा. केली. खोकला हटला नाही. आता हुकूम रद्द व्हायला पाहिजे."

पेशकारांनी दाढी खाजवली. "बात तो सही है. कागज नहीं, तो क्या लिखा था मैं कैसे मानूं?"

गर्दीत छबुबाईनं लेकीला घट्ट धरलं.

"कागद काय म्हनत व्हता ते ऱ्हाऊ द्या," भिवराबाई म्हणाली. "छाती काय म्हनती ते बघा. चुकून का व्हईना, एक भट्टी महिनाभर बंद ऱ्हायली. सांजंला वारा पडला की तिचा धूर उगवतीच्या आळीवर बसायचा. त्या आळीत आज खोकनारं मानूस दाखवा. दुसरी पेटती ऱ्हायली. तिच्या आळीतून सोमवारी मढं निघालं. सायेब, तुमी एक डाव हुतूतू बघा."

म्हाळूनं चावडीसमोर मातीत रेघ ओढली. एकीकडं उगवतीच्या आळीचे सात गडी, दुसरीकडं मावळतीच्या आळीचे सात. गेली सहा वर्षं मावळतीची आळी हरली नव्हती. आणि सुग्रीव लंगोट कसून उभा होता. तो येईल असं मला वाटलं नव्हतं.

आधी बद्रीनाथ गेला. महिन्यापूर्वी हा माणूस विहिरीवरून घरी येताना तीनदा बसायचा. "हुतूतूतूतू" करत तो आत शिरला, इकडून तिकडं फिरला, दोघांना शिवून त्याच दमात परत आला आणि वर हसला.

मग सुग्रीव. त्यानं मातीला हात लावून कपाळाला लावला. दम भरला आणि रेघ ओलांडली. पहिल्या चार पावलांत तो नारायणगडाचा सुग्रीव होता. त्यानं एकाला शिवलं. दुसऱ्याकडं वळला आणि त्याच्या घशातून शिट्टीसारखा आवाज आला. तरी तो थांबला नाही. मान ताणून, डोळे तारवटून तो "हुतू... हुतू..." करत राहिला. समोरचे गडी त्याला धरायचं विसरून नुसते बघत होते. रेघेपासून दोन हातांवर त्याचा दम तुटला. तो गुडघ्यांवर पडला आणि खोकत राहिला.

बद्रीनाथ धावत गेला आणि त्याला उराशी धरून बसला. "हरायला सांगितलं व्हतं का रं तुला?" त्यानं विचारलं.

"न्हाई," सुग्रीव कसाबसा म्हणाला. "मायनं जिंकायला सांगितलं व्हतं. जीव लावून."

मला त्याचा अभिमान वाटला. त्यानं जत्रेत पाच गडी मारले तेव्हाही एवढा वाटला नव्हता.

मग गर्दीतून मुकादम पंडित पुढं आला. बंकटरावांनी डोळे वटारले, तरी आला. "सायेब, कागद गुत्तेदारांनी मला दिलता. सकाळच्या भट्टीत टाक म्हनले. मी टाकला. काय लिवलंय ते मला ठावं नव्हतं." तो रडायला लागला. "माजी माय दगडाबाई मावळतीच्याच आळीत ऱ्हाती. तीबी खोकती."

बंकटराव खाली बसले.

८

पेशकारांनी तिथंच हुकूम लिहिला. पश्चिमेची भट्टी त्याच घटकेला बंद. दोन्ही भट्ट्या टेकडीपलीकडं, वस्तीपासून अर्ध्या कोसावर हलवायच्या, आणि पुढं कुणालाही गावालगत भट्टी घालता येणार नाही. सरकारी कागद जाळल्याबद्दल बंकटरावांना शिपायांबरोबर मोमिनाबादेला चालत धाडलं. पुलाला चुना मिळत राहिला, फक्त गाडीला अर्धा कोस जास्त पडला. अर्ध्या कोसासाठी आम्ही दोन वर्षं माणसं जाळली होती, एवढंच त्याचं मोल.

हुकूम वाचायला पेशकारांनी माझ्याकडंच दिला. मी प्रत्येक शब्दाचा अर्थ त्यांना विचारून मगच मोठ्यानं म्हटला. लोक कंटाळले, पण कुणी उठलं नाही. भिवराबाईचं नाव त्यात होतं. ते मी दोनदा वाचलं, तेवढी सूट मी घेतली.

भट्टी बंद झाल्याला अठरा दिवस झाले असतील. मी सकाळी मावळतीच्या आळीतून शाळेकडं निघालो होतो. समोरून भिवराबाई येत होती. तेवढ्यात सुग्रीवच्या घरातून लेकराचं रडणं उठलं. मोठं, भरदार, साऱ्या आळीला ऐकू जाणारं. काहीतरी झालं म्हणून आम्ही दोघं धावलो. शेजारच्या बायाही दारात आल्या.

छबुबाई ओसरीवर बसली होती. पोर मांडीवर चक्क आडवी पडून, पाय झाडत, लालबुंद होऊन भोकाड पसरत होती. एक शेजारीण तिला उचलायला वाकली.

छबुबाईनं तिचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या, माय," ती म्हणाली. "रडू द्या तिला. बघा तरी, केवढा दम आलाय माज्या लेकीला."